जळलं, भिजलं : आता दुरुस्तीला किती?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात घराचं नुकसान करणारं पाणी सहसा नदीतून येत नाही, ते वरून येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कद्रा धरणाखाली, कारवार तालुक्यात, काळी नदी लोकांच्या घरांत शिरली आणि बातम्यांत तोच भाग गाजला. घाटावर जोयड्यात दर पावसाळ्यात घडतं ते वेगळं. वाऱ्यानं कौलं सरकतात, झाड पडून आढं मोडतं, पागोळ्यांचं पाणी मातीच्या भिंतीच्या बुडात मुरत राहतं आणि एखाद्या रात्री ती भिंत खाली बसते. आगीचा हंगाम होळीपासून मृगापर्यंतचा. गोठ्याला टेकून रचलेली गवताची गंजी, चुलीवरच्या माळ्यावर वाळत ठेवलेली लाकडं, जुनी वायर, इन्व्हर्टरची सैल जोडणी, एवढं पुरतं. मे महिन्यात छप्पर गेलं की दोन-तीन आठवड्यांत पाऊस येतोच. म्हणून इथलं जळलेलं घर हे भिजलेलंही घर असतं. विझवताना ओतलेलं पाणी तर भिंतींनी आधीच प्यालेलं असतं.

दुरुस्तीचा आकडा किती जळलं आणि किती भिजलं यावर ठरतो, असं आपण धरून चालतो. तो अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा कोणतं काम आधी केलं आणि कोणतं थांबवलं यावर ठरतो. एकाच वाडीत सारख्याच नुकसानीला एका घराला साठ हजार लागतात आणि दुसऱ्याला दोन लाख, याचं कारण बहुधा घाईत सापडतं. भिंत ओली असताना गिलावा केला, पंचनाम्याआधी सगळं उपसून टाकलं, तासून वापरता आली असती ती तुळई सरपणात घातली, अशी ती कारणं.

खाली दिलेले मजुरीचे आणि मालाचे आकडे ठोकळ आहेत, अंदाज बांधायला म्हणून घ्यावेत. रामनगरला रस्त्यालगत एक भाव असतो, आणि जिथं पावसाळ्यात टेंपो पोचत नाही त्या डिग्गीकडच्या वाडीवर दुसरा. या तालुक्यात मालाइतकीच वाहतूक महाग पडते, हे प्रत्येक आकड्यापुढे मनात धरावं.

पहिले दोन दिवस

आग लागली तर ११२ किंवा १०१. जवळचा भरवशाचा बंब दांडेलीचा. जोयडा गावापर्यंत तीसेक किलोमीटरचा घाटरस्ता, अणशी आणखी लांब. बंब येईपर्यंत विझवणारे शेजारीच असतात. तरीही फोन करावाच, कारण अग्निशमन दलाचा अहवाल पुढं विम्याला आणि कचेरीला लागतो. दल आलंच नाही तर त्यांच्याकडून अहवालही मिळत नाही, मग पोलीस ठाण्यात दिलेली लेखी खबर आणि तिची पोच यांवर भिस्त ठेवावी लागते.

आग विझली, पाणी ओसरलं, तरी मेन स्विच बंदच ठेवायचा. मीटर ओला असेल तर त्याला हात न लावता १९१२ वर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, कळवायचं. ओल्या मातीच्या भिंतीजवळ झोपायचं नाही. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंती बसल्याची उदाहरणं भरपूर आहेत, कारण पाणी बुडापर्यंत झिरपायला वेळ घेतं. ढिगारा उपसताना आधी काठीनं हलवायचा. उबदार कोरडी जागा सापडली की साप तिथं येतात, हे जंगलात राहणाऱ्याला सांगायला नको, पण शहरातून मदतीला आलेल्या भाच्या-पुतण्यांना सांगावं.

पहिला खर्च ताडपत्रीचा. अठरा बाय चोवीस फुटांची जाड, २०० जीएसएमची ताडपत्री दीड ते तीन हजारांत मिळते. छप्पर उघडं पडलं की त्याच दिवशी ती चढवायची, मग बाकीचं. भिंतीचा माथा उघडा राहिला तर मातीची भिंत दोन मोठ्या सरींत गळून जाते, आणि मग छपराच्या दुरुस्तीत भिंतीचीही भर पडते. ताडपत्रीवर वाचवलेले दोन हजार पुढं चाळीस हजारांना पडतात. झुकलेल्या भिंतीला बाहेरून वाशांचे टेकू द्यायचे. सुताराची एक दिवसाची मजुरी, लाकूड घरचंच.

फोटो याच वेळी काढायचे, साफसफाईच्या आधी. चारही बाजूंनी घर, प्रत्येक खोली, छपराची आतली बाजू, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि तिच्याशेजारी उभी धरलेली फूटपट्टी. जळालेला मिक्सर, फ्रिज, पंप यांच्या नंबरपट्ट्या. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण नोंदलं जाईल अशी सोय चालू ठेवावी.

पंचनामा कन्नडमध्ये असतो

इथली कचेरी कन्नडमध्ये चालते आणि अर्ध्याअधिक वाड्यांत घरची भाषा मराठी किंवा कोंकणी. तलाटी पंचनामा लिहितो, घरधनी सही करतो, आणि काय लिहिलं होतं ते पैसे आल्यावर कळतं. सहीआधी कन्नड वाचता येणाऱ्या कुणाकडून, शाळेतल्या मुलाकडूनसुद्धा, तो पूर्ण मोठ्यानं वाचून घ्यावा. त्यात दोन गोष्टी ऐकायच्या: घर किती टक्के पडलं असं लिहिलंय, आणि घर पक्कं धरलंय की कच्चं. सगळी मदत या दोन शब्दांवर फिरते.

राज्य आपत्ती निधीचे केंद्रानं ठरवलेले दर पाहा, म्हणजे कळेल. मार्च २०२६ पर्यंतच्या काळासाठीच्या दरांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००. घराला जोडलेल्या गोठ्याला ३,०००. आग या यादीत आहे, फक्त पूर आणि वादळ नव्हे, हे अनेकांना माहीत नसतं. घर जळालं म्हणून कचेरीत जायचं कशाला, असं म्हणून लोक घरी बसतात.

राज्य सरकार यावर आपली भर घालतं आणि ती वेळोवेळी बदलते. २०१९ च्या पुरानंतर कर्नाटक सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला पाच लाखांपर्यंत दिले, नुकसानीच्या टक्केवारीवर अ, ब, क असे वर्ग पाडले, आणि पैसे राजीव गांधी ग्रामीण गृहनिर्माण निगमामार्फत टप्प्याटप्प्यानं, बांधकामाचे फोटो चढतील तसे दिले. तेव्हाचा तो आकडा मनात धरून आज घर उभारायला घेऊ नये. तहसीलदार कचेरीत चालू वर्षाचा आदेश कोणता, हे विचारूनच पाऊल टाकावं. शिवाय हप्त्यांनी येणाऱ्या पैशात एक अडचण असते: पाया घातल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि पायाचे पैसे मात्र आधी आपल्याच खिशातून. सोसायटीचं किंवा बचत गटाचं कर्ज याच ठिकाणी लागतं, त्याची तजवीज आधी करावी.

अर्जासोबत आधार, बँक पासबुक, फोटो आणि घराचा कागद. गावठाणातल्या घराला पंचायतीचा ई-स्वत्तूचा नमुना ९ आणि ११ असतो, शेतातल्या घराला पहाणीपत्रक. जंगलातल्या जुन्या वाड्यांवर यांपैकी काहीच नसतं. त्यांनी घरपट्टीची पावती, वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव असं जे असेल ते जोडावं आणि पीडीओकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडून, राहत असल्याचा दाखला घ्यावा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.

आगीत आणखी दोन दारं आहेत, आणि ती क्वचितच कुणी ठोठावतं. स्वयंपाकाच्या गॅसमुळे आग लागली असेल आणि जोडणी तुमच्या नावावर, त्याच पत्त्यावर असेल, तर तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी काढून ठेवलेला विमा लागू होतो. मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेमागे कमाल दोन लाख रुपये. ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता भरावा लागत नाही. गॅस वितरकाला लगेच लेखी कळवायचं, पुढचं काम त्यानं कंपनीमार्फत करायचं असतं. दुसरं दार विजेचं. आग घराबाहेरच्या लाइनमुळे लागली असेल तर हेस्कॉमच्या शाखेला लेखी तक्रार द्यावी आणि विद्युत निरीक्षकाच्या तपासणीची मागणी करावी. तोवर जळालेली वायर, सर्व्हिस लाइनचा तुकडा, मीटरची पेटी हलवू नये. साफसफाईच्या उत्साहात हेच पुरावे आधी कचऱ्यात जातात.

काय वाचतं, काय टाकायचं

जुन्या घराचं लाकूड दिसतं त्यापेक्षा जास्त वाचलेलं असतं. लाकूड जळताना बाहेरून कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या गाभ्याला उष्णतेपासून जपतो. जळण्याचा वेग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. अर्धा तास आगीत राहिलेल्या तुळईचा प्रत्येक उघड्या बाजूनं पंधरा ते बावीस मिलिमीटर थर गेलेला असतो, म्हणजे इंचभराच्या आत. सहा इंची तुळईत चार इंचांहून जास्त घट्ट लाकूड शिल्लक राहतं. पटाशीनं कोळसा पूर्ण खरवडायचा, पिवळट-तांबूस निरोगी लाकूड लागेपर्यंत, आणि मग उरलेल्याची जाडी मोजायची. खांब, तुळया, दाराच्या जाड चौकटी अशा वाचतात. वासे क्वचित, रिपा कधीच नाही. त्या मुळातच बारीक.

हे इतकं लांबवायचं कारण, या तालुक्यात लाकूड ही सर्वांत अवघड वस्तू आहे. घर जंगलात असलं तरी काळी व्याघ्र प्रकल्पातून एक वासासुद्धा आणता येत नाही. मालकीच्या जमिनीतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. लाकूड डेपोतून किंवा परवान्याच्या मिलमधून पावतीसह घ्यावं आणि पावती घर बांधून झाल्यावरही जपावी. ऐन किंवा तत्सम जंगली लाकूड घनफुटाला हजार-बाराशेपासून अठराशेपर्यंत, सागवान त्याच्या दुपटीच्या वर. घरातली एक जुनी तुळई वाचली की पाच-सात हजार वाचले.

कौलांची परीक्षा सोपी. बोटाच्या पेरानं टकटक करायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. गरम कौलावर पाणी पडलं की ते तडकतं, म्हणून जिथं विझवलं तिथली कौलं जास्त जातात. मंगलोरी कौल नवं साधारण तीस ते पंचेचाळीस रुपये, मोडलेल्या घरातलं जुनं दहा ते वीस. जुनी कौलं बसायला अनेकदा नव्यांपेक्षा बरी, फक्त मापाचा आणि कारखान्याच्या शिक्क्याचा मेळ पाहून घ्यावीत. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि गळती तिथून सुरू होते.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते आगीत फुटतात आणि त्यांतल्या अनेकांत अॅस्बेस्टॉस असतं. कोरडे फोडू नयेत, झाडू नयेत. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून, शक्य तितके अखंड उतरवावेत.

मातीची किंवा चिऱ्याची भिंत आगीत सहसा टिकते, वरचा थर तेवढा सुटतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेली ती इमारत. लाकडी छप्पर आणि आतला भाग गेला, दगडी भिंती उभ्या राहिल्या, आणि पुनर्बांधणीचा विचार त्या भिंती धरूनच झाला. घर छोटं असलं तरी सूत्र तेच: आधी उभं काय आहे ते मोजा.

काँक्रीटच्या स्लॅबचं मात्र उलटं. तो जळालेला दिसत नाही आणि म्हणून धोक्याचा. सुमारे ३०० अंशांपुढे तापलेलं काँक्रीट बरेचदा गुलाबी-तांबूस दिसू लागतं आणि तिथून त्याची ताकद घटत जाते. आतल्या सळ्यांची ताकद ५५०–६०० अंशांना निम्म्यावर येते. खालचं आवरण सुटलं, सळ्या दिसल्या, हातोडी मारल्यावर पोकळ आवाज आला, स्लॅबला झोळ पडला, यांपैकी एकही खूण असेल तर गवंड्याच्या मतावर जाऊ नये. दांडेली, हल्याळ किंवा बेळगावहून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा. भेट आणि लेखी मत मिळून तीन ते आठ हजार. त्यावरून पुढचे लाखभर ठरणार असतात.

काजळीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: पहिला हात कोरडा. काजळी तेलकट असते. ओलं फडकं मारलं की ती भिंतीत मुरते आणि मग तीन हात रंग लावला तरी पिवळे डाग वर येतात. मऊ कोरड्या ब्रशनं आणि कोरड्या स्पंजानं आधी झाडून घ्यायचं, मग धुण्याचा सोडा आणि साबणाचं पाणी, शेवटी रंगाआधी चुन्याचा किंवा डाग अडवणाऱ्या प्रायमरचा हात. तीन बिगारी, तीन दिवस, पाच-सहा हजार.

भिंत वाळू द्या

सगळ्यात जास्त पैसा इथं बुडतो. भिंत वरून कोरडी दिसते, गवंडी रिकामा असतो, घरात पाहुणे यायचे असतात, आणि सिमेंटचा गिलावा मारून टाकला जातो. सहा महिन्यांत तो फुगतो, पांढरा खार फुटतो, वर्षात पापुद्रे पडतात. मातीच्या भिंतीवर तर सिमेंटचा गिलावा म्हणजे आतलं पाणी आतच कोंडणं. बाहेरून भिंत देखणी होते आणि आतून चिखल.

भिंतीच्या जाडीच्या प्रत्येक इंचाला महिनाभर, हा वाळण्याचा जुना ठोकताळा. दोन्ही बाजू मोकळ्या आणि वारं खेळतं असेल तर लवकर, जून ते सप्टेंबर तर जवळजवळ नाहीच. कॅसलरॉककडच्या पावसात हवेलाच ओल असते. म्हणून मे-जूनमध्ये नुकसान झालेल्या घराचा गिलावा आणि रंग दिवाळीनंतर, शक्यतो पौष-माघात. तोवर पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंतचा सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवायची, घरात माणसं राहत असली तरी. दिसायला वाईट दिसतं, पण तेच स्वस्त पडतं.

भिंत वाळली का, हे पाहायला यंत्र लागत नाही. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावायचा. एक दिवस-रात्र ठेवायचा. आतून दव साठलं तर थांबायचं. हुबळी-बेळगाव-गोव्याकडून ओल शोषणारी यंत्रं भाड्यानं मिळू शकतात, रोजचं भाडं आणि वर येण्याजाण्याचा खर्च. बंद होणाऱ्या सिमेंटच्या खोलीत त्यांचा उपयोग होतो; कौलारू घरात, जिथं वाशांच्या फटींतून आभाळ दिसतं, तिथं ती बाहेरची हवा वाळवत बसतात. तो खर्च टाळावा.

मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा: चाळलेली माती, भाताचं तूस किंवा बारीक कापलेलं गवत, शेण. माल जवळपास फुकट, मजुरी घरच्या हातांची. चिऱ्याच्या भिंतीला चुना-वाळूचा, चौरस फुटाला साठेक रुपये. सिमेंटपेक्षा पंधरा-वीस रुपयांनी जास्त, पण ओल बाहेर जाते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी हल्ली शोधावा लागतो. गावातल्या जुन्या देवळाची दुरुस्ती कुणी केली, हे विचारत गेलं की तो सापडतो.

दोन घरांचा हिशेब

पहिलं घर कौलारू, सहाशे चौरस फुटांचं. स्वयंपाकघर आणि त्यावरचं तीनशे चौरस फुटांचं छप्पर जळालं असं धरू. शंभर चौरस फुटांना दीडशे कौलं, म्हणजे साडेचारशे. निम्मी वाचली तर अडीचशे नवी घ्यावीत, मोडतोड धरून, दहा हजार. आढ्याची कौलं हजार रुपयांची. वासे-रिपांना वीस घनफूट लाकूड, पंधराशेनं तीस हजार. दोन सुतार आठ दिवस, सोळा हजार. गवंडी सहा दिवस आणि बिगारी मिळून साडेअकरा हजार. काजळी साफ करायला साडेपाच, वायरिंग बारा, गिलावा-रंग दहा, ढिगारा आणि टेंपो सहा हजार. बेरीज एक लाख दोन हजार. यात घरचे चार हात राबले तर पंधरा-वीस हजार कमी. लाकडाऐवजी लोखंडी पाइपाची कैची केली तर चौरस फुटाला दोनशे-अडीचशे पडतात, म्हणजे साठ ते पंचाहत्तर हजार. लाकूड आणि सुतार मिळून सेहेचाळीस होतात, तेव्हा लोखंड स्वस्त नाही. लाकडाचा परवाना मिळत नसेल तेव्हा मात्र तोच मार्ग.

आणि पंचनाम्यात हे घर कच्चं, अंशतः पडझड असं लिहिलं गेलं तर केंद्राच्या त्याच दरानं हातात पडतील चार हजार.

दुसरं घर चिऱ्याचं, तेवढंच, आत तीन फूट पाणी आलेलं. इथं छप्पर शाबूत, म्हणून खर्च भिंतींच्या खालच्या चार फुटांत. सहाशे चौरस फूट गिलावा काढणं साडेसात हजार, चुन्यात नवा करणं छत्तीस हजार. चिखल उपसणं सात, खालचे प्लग, स्विच आणि वायर पंधरा, प्लायवूडची फुगलेली दोन दारं दहा, रंग बारा, विहीर आणि पंप साडेपाच हजार. ९३ हजारांच्या आसपास. सागवानी दार असतं तर ते सावलीत वाळवून परत बसलं असतं.

विजेच्या कामात काटकसर करू नये. पाण्यात बुडालेले एमसीबी, स्विच, प्लग बदलायचेच, वाळवून लावायचे नाहीत. पाइपातली वायर मेगरनं तपासून ठेवता येते. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर ओढून काढावी. नवीन काम होतंय तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा, दीड ते तीन हजार. ओल्या भिंतींच्या तालुक्यात तो चैनीचा नाही. तपासणारा परवानाधारक असावा, कारण पुरवठा पुन्हा जोडताना त्याचाच दाखला चालतो.

विहिरीत पुराचं पाणी गेलं तर आधी उपसा, मग ब्लीचिंग पावडर. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. गढूळ किंवा पुराच्या पाण्याला निदान दुप्पट. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी म्हणजे एकवीस हजार लिटर, शंभरेक ग्रॅम पावडर. रात्री टाकावी, सकाळी वापरावं. किलोला पन्नास-साठ रुपये. सबंध दुरुस्तीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा खर्च. पावडर अॅसिडमध्ये किंवा फिनेल-अमोनियात मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

भिजलेले कागद, जमिनीचे उतारे, पत्रिका, फोटो उन्हात टाकू नयेत. सावलीत, जुन्या कागदाच्या घड्यांमध्ये, एकेक पान सुटं करून. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानं २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसले. महत्त्वाची कागदपत्रं जमिनीपासून उंच ठेवायची सवय इथंही लावून घ्यावी. माळ्यावर ठेवलेलं बियाण्याचं भात आगीत वाचलं तरी धुरानं आणि पाण्यानं उगवण जाते. मूठभर ओल्या कापडात उगवून पाहावं. ते नुकसान घराच्या पंचनाम्यात येत नाही, वेगळं लिहून द्यावं.

विमा, आणि होमस्टेची अडचण

एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, वादळ, पूर, दरड या सगळ्याला ती लागू. जमिनीची किंमत धरायची नसते, फक्त पुन्हा बांधायचा खर्च. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. ढिगारा हलवायला दाव्याच्या २ टक्के आणि इंजिनिअरच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत वेगळे मिळतात. ते मागितले नाहीत तर कुणी आपणहून देत नाही. गवत, बांबू, ताडपत्री, लाकडी फळ्यांचं छप्पर किंवा भिंत असेल तर पॉलिसीच्या भाषेत ते घर कच्चं ठरतं. तेव्हा अर्जात भिंत कशाची आणि छप्पर कशाचं, हे खरं लिहावं. दहा लाखांच्या घराला वर्षाचा हप्ता सहसा हजाराच्या आतच राहतो.

गणेशगुडी, जोयडा, कॅसलरॉक या पट्ट्यात घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या जातात. घराची पॉलिसी घेऊन त्यात धंदा चालवला आणि तो कळवला नाही, तर दावा तिथंच अडतो. होमस्टे असेल तर छोट्या धंद्यांसाठीची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्यावी, किंवा कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावं. दावा नाकारला गेला तर बंगळूरच्या विमा लोकपालाकडे दाद मागता येते. वकील लागत नाही, फी नाही.

सर्व्हेअर येईपर्यंत जळालेलं सामान घराबाहेर एका जागी झाकून ठेवावं. तात्पुरती ताडपत्री, टेकू यांच्या पावत्या लावाव्यात, कारण नुकसान वाढू नये म्हणून केलेला वाजवी खर्च दाव्यात मागता येतो. टेंपोवाल्याकडून आणि गवंड्याकडून साध्या कागदावर का होईना, तारीख, रक्कम आणि सही घ्यावी.

कंत्राट एकाच माणसाला दिलं तर कागदावर कामाची यादी, मालाचा दर्जा आणि हप्ते लिहून घ्यावेत. सुरुवातीला वीस टक्क्यांहून जास्त उचल देऊ नये. छप्पर चढल्यावर, वायरिंग तपासल्यावर, गिलावा झाल्यावर असे टप्पे ठेवावेत. कौलाची गळती आणि चुन्याचा फुगवटा उन्हाळ्यात दिसत नाही, म्हणून शेवटचे दहा टक्के मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवायची बोली आधीच करावी.